नोकरी बदलून आलेला शिक्षक टिकवायचाय? आधी वेळापत्रक काढा

ओळखपत्र, पुस्तकं, हजेरीपट, बसायची जागा: हे कार्यालय करेल, सोडून द्या. बँकेतून, कारखान्यातून वर्गात आलेल्या माणसासाठी सगळ्यात आधी बघायचं ते वेळापत्रक. त्याचा आणि त्याच्या मार्गदर्शक शिक्षकाचा आठवड्यातला एक तरी ऑफ तास, म्हणजे शिकवणं नसलेला मोकळा तास, एकाच वेळी यायला हवा. तोही वेळापत्रक भरायच्या आधी ठरवायचा. चौकटी भरल्या की एक तास हलवायला चौघांचे हलवावे लागतात, मग कोणी हलवत नाही. मार्गदर्शक नेमला, पत्र दिलं, झालं काम, असं वाटतं. दोघं जिन्यात भेटतात, "ठीक ना?" "हो, ठीक." याला मार्गदर्शन म्हणत नाहीत.

मार्गदर्शक त्याच विषयाचा हवा आणि त्याचं मूल्यमापन करणारा नको. साहेबापुढे "वर्ग आवरत नाही" असं कोण कबूल करेल?

पहिल्या सत्रात तास कमी द्याच, पण इयत्ता त्याहून कमी द्या. दोन इयत्तांचे २० तास निभतात, पाच इयत्तांचे १५ निभत नाहीत, कारण पाठाची तयारी इयत्तेगणिक नव्याने करावी लागते.

वयावर जाऊ नका. मुरलेला इंजिनीअर विषयात पक्का असतो, म्हणूनच पायऱ्या गाळतो. कंसाबाहेर उणे असलं की आतली चिन्हं बदलतात, हे सांगायला हवं असं त्याच्या मनातही येत नाही. मार्गदर्शकाने मागच्या बाकावर बसून ही गाळलेली पायरी टिपायची आणि एका तासामागे एकच सुधारणा सांगायची. प्रश्न विचारून किमान ३ सेकंद गप्प राहणं, ही पहिली. सांगायची कधी? त्या सामायिक ऑफ तासाला. ठेवलाय ना? तोंडी नको, वेळापत्रकात दाखवा.

"तुम्ही कंपनीत होतात, संगणक कक्ष तुम्हीच बघा" हे पहिलं वर्षभर बंद. स्नेहसंमेलनाचा हिशेबही नको.

पगार कमी होणार हे तो धरूनच येतो. जुना अनुभव वेतनात धरणार की नाही, हे मात्र रुजू होण्याआधी लेखी द्या.

पहिल्या पालकसभेला शेजारी कुणीतरी बसा. पहिल्या गठ्ठ्यातल्या ५ उत्तरपत्रिका दोघांनी तपासून गुण ताडून बघा. दुसऱ्या सत्रात तास वाढवा, सामायिक ऑफ तास तेवढा काढू नका. कुणी रजेवर गेलं की बदली तासासाठी आधी तोच उचलतात, म्हणून बदली लावणाऱ्याच्या प्रतीत त्या चौकटीवर लाल पेनाने फुली मारून ठेवा.