रद्दीतला सेक्स्टन ब्लेक कसा ओळखायचा

इंग्रजी थरारकथा लिहिणाऱ्या जेम्स हॅडली चेजपासून सुरुवात करू नका. बेळगावात जुन्या पुस्तकांच्या ढिगात तो असतोच. वाचायला घ्या, जपायला नको.

शोधायचा तो सेक्स्टन ब्लेक, इंग्रजी रहस्यकथांमधला गुप्तहेर. १८९३ साली ‘हाफपेनी मार्व्हल’ या साप्ताहिकात आला, पुढं कितीतरी लेखकांनी त्याला राबवून घेतलं. बिऱ्हाड शेरलॉक होम्ससारखं लंडनच्या बेकर स्ट्रीटलाच, सोबत टिंकर नावाचा पोरगा आणि पेद्रो कुत्रा. ‘सेक्स्टन ब्लेक लायब्ररी’चे पातळ, पिना मारलेले अंक रद्दीत नियतकालिकांच्या गठ्ठ्यात सापडतात, कादंबऱ्यांच्या नाही. कॅम्पातलं एखादं जुनं घर रिकामं होतंय असं कळलं की त्या आठवड्यात फेरी मारावी.

अंकावर साल दिसलं नाही तर नुसत्या क्रमांकावर जाऊ नका. मालिका १९१५, १९२५ आणि १९४१ अशी तीनदा नव्यानं सुरू झाली आणि दर वेळी मोजणी एकपासून. म्हणजे २०० क्रमांकाचे तीन वेगळे अंक आहेत! मग आतल्या जाहिराती वाचा. दुसऱ्या महायुद्धाचा, रेशनचा उल्लेख असला तर बहुधा तिसरी मालिका. गोष्टीत पॉला डेन ही सेक्रेटरी आली, तर अंक १९५६ किंवा त्यानंतरचा. मला ते अंक आवडत नाहीत, ब्लेक उगाच साहेबी होतो. पण मुखपृष्ठं झकास आहेत.

भाव करताना कानडीत ‘एष्टु री?’ (केवढ्याला हो?) एवढंच विचारावं आणि वर पाच-सहा शिवणकामाची मासिकं घ्यावीत. बाईमाणूस ब्लेक नेतंय असा संशय कुणाला येत नाही, हा आपला फायदा.

खरा शत्रू आपला पाऊस. पिना गंजतात आणि गंज कागद खातो. बोथट सुरीनं पिनेची टोकं उघडून ती काढा, त्याच भोकांतून सुती दोरा ओवा. सेलोटेप अजिबात नको. कसर लागली असेल तर अंक हवाबंद पिशवीत घालून दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवा. (आमच्या सूनबाईंनी त्याला मटारांच्या वरचा कप्पा दिलाय.) बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, गार कागदावर दव धरतं. एक दिवस तशीच राहू दे.

उन्हात वाळवू नका, हा लगद्याचा स्वस्त कागद आणखी तांबडा पडून तुटतो. कपाट पावसाच्या झडीच्या भिंतीला टेकवू नका. वाचनालयाचे जुने शिक्के खोडू नका, अंक कुठून कुठं फिरला ते त्यावरूनच कळतं.