‘ब्लॅकॲडर’ कसे पाहावे: मराठवाड्यातील शिक्षकांसाठी आणि रसिकांसाठी

जालन्यात कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवत असताना गेली काही वर्षे मी रविवारी दुपारी आठ-दहा विद्यार्थ्यांना घरी बोलावून ‘ब्लॅकॲडर’ ही जुनी ब्रिटिश विनोदी मालिका दाखवत आलो आहे. ही मालिका आपण सुरू केली होती, पण पहिल्याच भागात कंटाळून सोडून दिली, असे सांगणारे पुष्कळ जण मला भेटतात. माझ्या अनुभवाप्रमाणे त्यात त्यांचा दोष नसतो; ते चुकीच्या टोकाकडून आत शिरलेले असतात. योग्य क्रम धरला आणि थोडी पूर्वतयारी केली, तर आपल्या भागातील मुलांना ही मालिका परकी वाटत नाही. तो क्रम आणि ती तयारी येथे सांगतो.

बीबीसीने 1983 ते 1989 या काळात या मालिकेची चार पर्वे दाखवली. प्रत्येक पर्वात सहा भाग आणि प्रत्येक भाग सुमारे अर्ध्या तासाचा असल्यामुळे चोवीस भागांचा एकूण ऐवज बारा तासांच्या आसपास भरतो. प्रत्येक पर्व इंग्लंडच्या इतिहासातील वेगळ्या काळात घडते, मात्र केंद्रस्थानी एडमंड ब्लॅकॲडर नावाचाच माणूस असतो आणि त्याच्याजवळ बॉल्ड्रिक नावाचा कळकट नोकर असतो. एडमंडची भूमिका रोवन ॲटकिन्सन यांनी केली आहे. आपल्याकडे हा चेहरा ‘मिस्टर बीन’ म्हणून घरोघरी माहीत आहे आणि पहिला गैरसमज तिथेच होतो. बीन जवळजवळ बोलतच नाही, तर दुसऱ्या पर्वापासूनच्या ब्लॅकॲडरचे सारे सामर्थ्य त्याच्या जिभेत आहे. मुले तोंड वेंगाडण्याची वाट पाहत बसू नयेत, म्हणून हे आधीच स्पष्ट सांगावे. काही विनोद प्रौढांसाठीचे आहेत, त्यामुळे शाळकरी मुलांना दाखवण्यापूर्वी तो भाग स्वतः पाहून घ्यावा.

सुरुवात तिसऱ्या पर्वाच्या पहिल्या भागापासून करावी, कारण तो निवडणुकीविषयी आहे, आणि ग्रामपंचायतीपासून बाजार समितीपर्यंत निवडणूक म्हणजे काय हे मराठवाड्यातील माणसाला शिकवावे लागत नाही. काळ आहे अठराव्या शतकाच्या शेवटापासून एकोणिसाव्याच्या आरंभापर्यंतचा. एडमंड आता युवराज जॉर्जचा बटलर, म्हणजे घरकारभारी नोकर आहे. युवराजाचा खर्च बंद होऊ नये म्हणून त्याला संसदेत एक मत हवे आहे, आणि त्यासाठी तो एका ओसाड मतदारसंघातून बॉल्ड्रिकला उभा करतो. या मतदारसंघात मतदार एकच असतो, आणि निकालात बॉल्ड्रिकला 16,472 मते पडतात. मुले पोट धरून हसतात. हसणे ओसरल्यावर त्यांना ओल्ड सेरम या खऱ्या मतदारसंघाची माहिती द्यावी. तिथले गाव शतकांपूर्वीच उठून गेले होते, मतदार मूठभर उरले होते, आणि तरीही 1832 च्या सुधारणा कायद्यापर्यंत तेथून दोन सदस्य संसदेत जात होते. लेखकांनी अतिशयोक्ती केली आहे, परंतु ती किती थोडी आहे हे कळल्यावर विनोदाला वजन येते.

त्याच पर्वाचा दुसरा भाग लगेच पुढच्या बैठकीत घ्यावा. डॉक्टर सॅम्युएल जॉन्सन आपल्या इंग्रजी शब्दकोशाचे हस्तलिखित युवराजाला दाखवायला आणतात, एडमंड त्यांनी कधी न ऐकलेले, जागच्या जागी घडवलेले शब्द वापरून त्यांना घाबरवून सोडतो, आणि बॉल्ड्रिक ते हस्तलिखित शेकोटीत जाळून टाकल्याचे सांगतो. या भागाबरोबर मी एक गृहपाठ देतो: यातील इतिहासाची चूक शोधून आणा. खरा शब्दकोश 1755 साली प्रसिद्ध झाला आणि युवराज जॉर्जचा जन्म 1762 सालचा, म्हणजे कोश युवराजाच्या जन्माआधीच छापून झाला होता. लेखकांना हे ठाऊक नव्हते असे समजण्याचे कारण नाही. ते काळाची मोडतोड उघडपणे करतात, आणि ती मोडतोड पकडण्यासाठी मुलांना सनावळी स्वतः उघडावी लागते. परीक्षेसाठी जी सनावळी त्यांना नकोशी वाटते, ती या निमित्ताने ते आपणहून चाळतात, हे मी दरवर्षी पाहतो.

याच पर्वाच्या शेवटच्या भागासाठी मात्र खास तयारी करावी, कारण त्यात आपल्या जिल्ह्याशी थेट नाते असलेला माणूस येतो. त्या भागात युवराजाला द्वंद्वयुद्धाचे आव्हान देणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणजेच आर्थर वेलस्ली. हाच वेलस्ली 23 सप्टेंबर 1803 रोजी केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, असईच्या रानात, शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेविरुद्ध लढला. असई आजच्या जालना जिल्ह्यात आहे. त्या वेळी वेलस्लीचे वय चौतीस होते, नेपोलियनचा पराभव झाला त्या वॉटर्लूच्या लढाईला अजून बारा वर्षे अवकाश होता, आणि त्या एका दुपारी त्याच्या बाजूचे चारशेहून अधिक लोक ठार झाले. पुढे म्हातारपणी, रणांगणावर आपण केलेली सर्वोत्तम कामगिरी कोणती, असे विचारल्यावर त्याने असईचेच नाव घेतले, असे त्याच्याविषयी सांगितले जाते. भाग लावण्यापूर्वी मी भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा टांगतो आणि असईवर बोट ठेवतो. मग स्टीफन फ्राय यांनी रंगवलेला तो ओरडणारा, नोकर समजून खुद्द युवराजालाच थोबाडणारा वेलिंग्टन पडद्यावर येतो, तेव्हा भोकरदन-जाफराबादकडून येणारी मुले त्याच्याकडे ओळखीच्या माणसाकडे पाहावे तशी पाहतात. शक्य असेल त्यांनी या भागानंतर विद्यार्थ्यांना घेऊन असईला जाऊन यावे. नद्यांचा संगम आणि चढउताराची जमीन डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ती लढाई समजत नाही.

त्यानंतर मागे वळून दुसरे पर्व क्रमाने पाहावे. हा पहिल्या एलिझाबेथ राणीचा काळ, म्हणजे 1558 ते 1603. त्याच सुमारास आपल्याकडे पैठणला एकनाथ महाराज भारुडे रचत होते, एवढे सांगितले तरी मुलांच्या मनात दोन्ही काळ शेजारी येऊन बसतात. भारुडाचा उल्लेख मी केवळ समकालीन म्हणून करत नाही. भारुडात सांगणारा एकच असतो, पण तो कधी जोशी होतो, कधी वासुदेव, कधी विंचू चावलेली बाई. सोंग बदलते, आवाजामागचा माणूस ओळखू येतो. ब्लॅकॲडरमध्ये हेच घडते. टिम मॅकइनर्नी दुसऱ्या पर्वात भोळसट लॉर्ड पर्सी असतात आणि चौथ्यात चिडका कॅप्टन डार्लिंग. ह्यू लॉरी एकदा मठ्ठ युवराज, तर एकदा उत्साही लेफ्टनंट. ज्यांनी यात्रेत भारूड पाहिले आहे त्यांना ही रीत समजावून द्यावी लागत नाही. या पर्वात मिरांडा रिचर्डसन यांनी उभी केलेली राणी मला सर्वांत मोलाची वाटते. ती हट्टी मुलीसारखी वागते, खुदकन हसते आणि त्याच हास्यात एखाद्याचे डोके उडवण्याची आज्ञा देते. दरबारातली भीती म्हणजे काय, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा तिच्याकडे पाहून अधिक नीट कळते.

आता भाषेविषयी. इंग्रजी सबटायटल नेहमी चालू ठेवावीत, त्यात कमीपणा मानू नये. पहिल्यांदा पाहताना भाग कोठेही थांबवू नये, कारण विनोदाची लय तुटली की त्याचा अर्थ सांगून काही उपयोग होत नाही. दुसऱ्यांदा पाहताना वही घेऊन बसावे आणि एडमंडच्या उपमा उतरवून घ्याव्यात. समोरच्याला मूर्ख म्हणण्यासाठी तो एक साधी उपमा घेतो, तिला दुसरी जोडतो, मग तिसरी, आणि वाक्य संपेपर्यंत ऐकणाऱ्याला आपला अपमान झाला हे उमगलेलेच नसते. आपल्या पारावरची वडीलधारी माणसे असेच चेहरा न हलवता बोलतात. म्हणून मी मुलांना या उपमांचा शब्दशः अनुवाद करायला लावत नाही. असा टोमणा तुमच्या आजोबांनी कसा मारला असता, ते लिहून आणा, असे सांगतो. जी वाक्ये येतात ती अस्सल असतात. बॉल्ड्रिकच्या लाडक्या टर्निपसाठी सलगम हा शब्द सांगावा. आपल्या बाजारात ते फारसे दिसत नाही, म्हणून गरिबाच्या ताटातला एक स्वस्त कंद एवढे स्पष्टीकरण पुरते. मागून ऐकू येणारे हसू स्टुडिओत समोर बसलेल्या खऱ्या प्रेक्षकांचे आहे, हेही सांगून ठेवावे.

पहिले पर्व सर्वांना दाखवण्याची गरज नाही. ते 1485 मध्ये, इंग्लंडची गादी कोणाची हे ठरवणाऱ्या बॉसवर्थच्या लढाईपाशी सुरू होते, त्यातील बरेचसे चित्रीकरण अल्निकच्या किल्ल्यात झाले आणि त्यावर मोठा खर्च आला, परंतु त्यातील एडमंड भित्रा व बावळट आहे आणि बॉल्ड्रिक त्याच्यापेक्षा हुशार. दुसऱ्या पर्वापासून रोवन ॲटकिन्सन यांच्या जागी बेन एल्टन हे रिचर्ड कर्टिस यांच्याबरोबर लेखनाला आले, काम बहुतांशी स्टुडिओत आले, आणि एडमंड व बॉल्ड्रिक यांच्या बुद्धीची अदलाबदल झाली. ज्याला ही घडण अभ्यासायची असेल त्याने पहिले पर्व अवश्य पाहावे.

चारही पर्वे डोळ्यांसमोर ठेवली की एक गोष्ट दिसते, आणि माझ्या मते ही मालिका अजून टिकून राहिली आहे ती याच गोष्टीमुळे. एडमंड पहिल्यांदा राजपुत्र असतो, मग सरदार, मग नोकर, आणि अखेरीस खंदकातला कॅप्टन. त्याची पायरी दर वेळी उतरत जाते आणि अक्कल वाढत जाते, तर त्याच्या डोक्यावर बसलेली माणसे प्रत्येक शतकात तितकीच अविचारी राहतात. ज्याला सगळे कळते त्याच्या हाती काहीच नसते. ही स्थिती ओळखण्यासाठी इंग्लंडचा इतिहास माहीत असावा लागत नाही. कचेरीच्या दाराशी कागद घेऊन दिवसभर उभा राहिलेला माणूस ती पहिल्या दहा मिनिटांत ओळखतो. 2004 मध्ये बीबीसीने सर्वोत्तम ब्रिटिश विनोदी मालिकेसाठी प्रेक्षकांचा कौल घेतला तेव्हा, शेवटचे पर्व संपून पंधरा वर्षे उलटल्यावरही, ब्लॅकॲडरला दुसरे स्थान मिळाले.

चौथे पर्व शेवटी, क्रमाने आणि एकही भाग न गाळता पाहावे. वर्ष 1917, जागा पश्चिम आघाडीवरील ब्रिटिश खंदक. त्याआधी एक तास पहिल्या महायुद्धासाठी राखून ठेवावा. 1 जुलै 1916 या फ्रान्समधील सोमच्या लढाईच्या एकाच दिवसात ब्रिटिश सैन्याचे 57,470 लोक कामी आले किंवा जखमी झाले आणि त्यांतले 19,240 मृत्यू पावले, हा आकडा फळ्यावर लिहून तसाच राहू द्यावा. आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता. हैदराबाद लान्सर्स हे निजामाचे घोडदळ सुवेझ आणि पॅलेस्टाइनच्या आघाडीवर गेले होते, आणि दिल्लीतील तीन मूर्तींपैकी एक मूर्ती त्यांच्या स्मरणार्थ आहे. पुणे डिव्हिजनमधील मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुट येथे वेढ्यात अडकल्या आणि 29 एप्रिल 1916 रोजी तेथील सैन्याला शरण जावे लागले. ब्लॅकॲडरचा रोख फक्त ब्रिटिश खंदकावर आहे. आपल्याकडून गेलेल्यांची आठवण आपणच शेजारी ठेवायची असते.

शेवटचा भाग स्वतंत्र दिवशी, दिवसातील एकमेव कार्यक्रम म्हणून दाखवावा. दुपारी वीज जाण्याचा भरवसा नसेल तर चार्ज केलेल्या लॅपटॉपवर दाखवावा, कारण हा भाग मध्येच तुटता कामा नये. पॉपी म्हटले की आपल्याकडे खसखस किंवा अफू आठवते, म्हणून ब्रिटनमध्ये युद्धात पडलेल्यांच्या स्मरणार्थ 11 नोव्हेंबरला जे लाल फूल कोटावर लावतात ते तिच्याच कुळातले वेगळे रानफूल आहे, हे आधी सांगून ठेवावे. सारे जण खंदकातून वर चढून गोळीबारात धावतात ते शेवटचे दृश्य लहानशा सेटवर चित्रित झाले होते आणि ते मनासारखे साधले नव्हते. संकलनाच्या वेळी त्याची गती मंद केली गेली आणि ते पॉपीच्या शेतात विरघळवले गेले. ही माहिती मात्र नंतरच्या बैठकीसाठी ठेवावी.

त्या दिवशी भाग संपल्यावर चर्चा घेऊ नये आणि दिवा लावण्याची घाई करू नये. गेल्या वर्षी माझ्याकडे पाच-सात मिनिटे कोणीच उठले नाही. मग बदनापूरकडची एक मुलगी म्हणाली, “सर, त्या डार्लिंगच्या नावावर आपण सहा भाग हसलो. त्याला तर फक्त घरी जाऊन लग्न करायचं होतं.” मी तिला उत्तर दिले नाही. पुढच्या रविवारी ती वहीत डार्लिंगचे ते शेवटचे बोलणे मराठीत उतरवून घेऊन आली, आणि आम्ही बैठकीची सुरुवात ते वाचून केली.