सिएनाच्या घरगुती हॉटेलात मुक्कामाला जाताना

शेगाव-संग्रामपूर पट्ट्यातली पोरं शिकायला परदेशी जायला लागली, आणि मागोमाग आईवडीलही भेटायला निघू लागले. माझी धाकटी इटलीत सिएनाच्या विद्यापीठात आहे. हे विद्यापीठ १२४० सालचं. तिच्या वसतिगृहात आम्हाला राहता येत नाही, म्हणून आम्ही दोघं गावकोटाच्या आतल्या एका घरगुती हॉटेलात उतरतो. नवरा-बायको आणि त्यांचा मुलगा मिळून ते चालवतात. इकडे आमच्याही वाड्यातल्या चार खोल्या आम्ही गजानन महाराजांच्या प्रकटदिनाला, ऋषिपंचमीला भाविकांना देतो. चादरी मी स्वतः बदलते, त्यामुळे पाहुणा कसा वागला की घरातल्यांना सोपं जातं हे मला ठाऊक आहे. गावातल्या ज्यांनी ज्यांनी विचारलं त्यांना मी हे फोनवर सांगत आले. आता सगळ्यांसाठी लिहून काढते.

आधी तारखा बघा. सिएनात २ जुलै आणि १६ ऑगस्टला पालिओ म्हणजे घोड्यांची शर्यत असते. शहराच्या १७ मोहल्ल्यांपैकी १० मोहल्ल्यांचे घोडे मधल्या चौकात, पियाझ्झा देल काम्पोमध्ये पळतात. शर्यतीच्या तीन-चार दिवस आधीपासून सराव सुरू होतो आणि गाव माणसांनी भरून जातं. शर्यत बघायलाच जायचं असेल तर कितीतरी महिने आधी खोली धरा. लेकराला भेटणं एवढंच काम असेल तर हे दिवस टाळा, कारण तेव्हा भाडं चढतं आणि खोलीही मिळत नाही. आम्हाला एप्रिल आणि ऑक्टोबर मानवतात. आपल्या उन्हाळ्यातून सुटका होते आणि तिकडच्या थंडीतही सापडत नाही.

खोली कोटाच्या आतच घ्या. बाहेरची स्वस्त दिसते, पण सिएना तीन टेकड्यांच्या धारेवर वसलेलं आहे. चढ-उतारांनी पाय भरून येतात आणि दुपारी तासभर पडायला खोली जवळ असली तर फार बरं पडतं. भाड्याची गाडी घेऊन आत जायचा विचार मात्र करू नका. जुन्या गावात बाहेरच्या गाड्यांना बंदी असते, कॅमेरे नंबर टिपतात आणि दंडाची चिठ्ठी घरी येते. टॅक्सीला आत जाता येतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, ते म्हणजे पत्र. संकेतस्थळावरून खोली धरली तरी हॉटेलला वेगळा ईमेल करा. मोठ्या हॉटेलात रात्रंदिवस कुणीतरी बसलेलं असतं, इथे तसं नसतं. संध्याकाळी घरची माणसं जेवायला बसतात, रात्री दार लावून झोपतात. तुम्ही कधी येणार हे त्यांना माहीत नसेल तर दारात घंटी वाजवत उभं राहावं लागतं. पत्र छोटंच असावं: पासपोर्टवर आहेत तशी नावं, किती वाजता आणि कशाने पोहोचणार, पलंग एकच मोठा हवा की दोन वेगळे. मोठा हवा तर ‘मात्रिमोनियाले’ लिहा, वेगळे हवे तर ‘लेत्ती सेपाराती’. गुडघे दुखत असतील तर तसं स्पष्ट लिहा आणि खालच्या मजल्यावरची खोली मागा. या घरांना शेकडो वर्षं झालेली असतात. लिफ्ट नसतेच, असली तर त्यात एक माणूस आणि एक बॅग मावते. जेवणाखाण्याचं पथ्यही याच पत्रात कळवा.

मी हे पत्र मुलीकडून इटालियन करून घेत होते तेव्हा आमचे हे म्हणाले, “खोलीचे पैसे देतो ना आपण, मंग एवढं सांगाचं कायले?” मी म्हटलं, “पैसे खोलीचे देतो, पण घर त्यांचं हाय. सांगतलं तर त्याईलेही बरं, आपल्यालेही.” आणि तसंच झालं. आम्ही पोहोचलो तेव्हा पहिल्या मजल्यावरची खोली तयार होती आणि सकाळच्या टेबलावर आमच्यासाठी फळं वेगळी काढलेली होती.

याच पत्रात व्हिसासाठी बुकिंगची पावतीही मागा. शेंगेन व्हिसाला, म्हणजे इटलीसह युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या व्हिसाला, प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा लागतो, शिवाय किमान ३० हजार युरोंचा प्रवास-आरोग्य विमा लागतो. व्हिसा हातात येईपर्यंत विनाशुल्क रद्द करता येईल असंच बुकिंग ठेवा.

सामान बांधताना एका जड बॅगेऐवजी दोन हलक्या घ्या. रस्ते दगडी फरशीचे आहेत, चाकं अडकतात आणि शेवटचा टप्पा बहुधा जिन्याचाच असतो. खाण्याचं नेताना लक्षात ठेवा, युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे पेढे नाहीत, तूपही नाही. शेंगदाण्याची चटणी, जवसाची चटणी, तेलातला चिवडा, भाजलेले शेंगदाणे खुशाल न्या.

फ्लॉरेन्सहून रेल्वेनेही जाता येतं आणि बसनेही. रेल्वे स्टेशन टेकडीच्या पायथ्याशी आहे, तिथून सरकत्या जिन्यांनी वर यावं लागतं. बस मात्र वरच, जुन्या गावाला लागून थांबते. ज्यांचे गुडघे आमच्यासारखे आहेत त्यांनी बसच धरावी. रेल्वेने गेलात आणि पॅसेंजर गाडीचं कागदी तिकीट काढलंत, तर चढण्याआधी ते फलाटावरच्या मशीनमध्ये घालून शिक्का मारून घ्या. शिक्का नसलेल्या तिकिटावर दंड होतो.

पोहोचल्यावर ते पासपोर्ट मागतील. घाबरू नका. प्रत्येक पाहुण्याची नोंद पोलिसांच्या पोर्टलवर २४ तासांच्या आत करणं तिथल्या हॉटेलवाल्यांना कायद्याने बंधनकारक आहे. लहान लेकरांचेही पासपोर्ट द्यावे लागतात. नोंद झाली की परत मिळतात, समोर उभं राहून घेतलेत तरी चालतं. मुक्कामाचा कर वेगळा असतो. माणशी, दर रात्रीचे काही युरो, शहराप्रमाणे आणि हॉटेलच्या दर्जाप्रमाणे कमी-जास्त. तो नगरपालिकेला जातो, मालकाच्या खिशात नाही. बहुतेकदा तो बुकिंगच्या रकमेत धरलेला नसतो आणि रोख मागतात, म्हणून सुटे युरो जवळ असू द्या. यावरून वाद घालणारे पाहुणे मी तिथे पाहिलेत. त्या घरच्या बाईंचा चेहरा पाहून मला वाईट वाटलं.

आत जाताना ‘बुओन्जोर्नो’, दुपार कलली की ‘बुओनासेरा’. हे न चुकता, प्रत्येक वेळी, समोर जो दिसेल त्याला. तिथे याला फार मान आहे. स्वयंपाकघराच्या किंवा त्यांच्या बैठकीच्या दारातून डोकवायचं झालं तर आधी ‘पेर्मेस्सो’ म्हणा.

बाहेरच्या दाराची, खोलीची, अशा दोन-तीन किल्ल्या एका जड लोलकात ओवून देतात. रात्रीचं दार कसं उघडतं ते पहिल्या दिवशी उजेडातच दोनदा करून बघा. जिन्यातला दिवा बटण दाबलं की लागतो आणि मिनिटा-दोन मिनिटांत आपोआप विझतो. पुढच्या मजल्यावरचं बटण कुठं आहे तेही बघून ठेवा.

न्हाणीघराबद्दल मोकळेपणाने लिहिते, कारण हे कुणी सांगत नाही आणि आपल्या माणसांची खरी अडचण तिथेच होते. शौचाला पाण्याची नळी नसते. पण शेजारी दुसरं एक बुटकं भांडं असतं, त्याला नळ असतो, त्याला ‘बिदे’ म्हणतात. ते धुण्यासाठीच आहे. इटलीत १९७५च्या नियमानुसार घराच्या न्हाणीघरात ते असावंच लागतं, त्यामुळे जुन्या हॉटेलांतही बहुधा दिसतं. आधी शौच, मग सरकून तिथे बसायचं, साबण लावायचा, बाजूला टांगलेल्या छोट्या टॉवेलने पुसायचं. ज्येष्ठांना सवयीला एक दिवस लागतो. तरीही एक प्लास्टिकचा मग बॅगेत टाका, माझ्या सासूबाईंना त्याशिवाय चाललंच नसतं. आंघोळ फक्त काचेच्या कोपऱ्यात. बाहेरच्या फरशीला मोरी नसते, सांडलेलं पाणी लाकडी तुळयांतून थेट खालच्या खोलीत झिरपतं. बादलीने, तांब्याने भडाभडा अंगावर घ्यायची आपली सवय तेवढ्या दिवसांपुरती आवरा. त्या कोपऱ्यात एक दोरी लोंबत असते. ती ओढू नका, कपडेही वाळत घालू नका. कुणी पडलं-झडलं तर मदतीला बोलवायची ती घंटी आहे. घरात म्हातारं माणूस सोबत असेल तर त्याला मात्र ती दाखवून ठेवा.

आपला तीन जाड पिनांचा प्लग तिथे बसत नाही. मोबाइल चार्जरच्या दोन बारीक गोल पिना सहसा बसतात. पाणी तापवायचा रॉड, छोटी शेगडी असलं काही नेऊच नका. चहासाठी ‘आक्वा काल्दा’, म्हणजे गरम पाणी, आणि ‘लात्ते काल्दो’, म्हणजे गरम दूध मागा. आपली चहापत्ती टाकली की चहा झाला. उदबत्ती, निरांजनही खोलीत नको. धुराचे अलार्म असतात, छत लाकडाचं असतं. मी मुलीच्या मदतीने विचारलं, तर मालकीणबाईंनी मागच्या अंगणातला दगडी बाक दाखवला. रोज सकाळी मी तिथे उदबत्ती लावत असे.

थंडीत हीटर आपल्या मनाने लागत नाही. कोणत्या भागात किती महिने आणि दिवसाचे किती तास लावायचा हे सरकारी नियमाने ठरलेलं असतं. थंडी वाजली तर ‘कोपेर्ता’ मागा, जाडजूड ब्लँकेट मिळतं. उन्हाळ्यात दुपारी लाकडी झडपा बंद ठेवा, पंखा नसतोच. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटल्या विकत घेऊ नका. ज्यांना पाण्याचं अप्रूप आहे त्यांनी सिएनाच्या जमिनीखालचे ‘बोत्तिनी’ जरूर बघावेत. डोंगरातलं पाणी शहराच्या झऱ्यांपर्यंत आणायला मध्ययुगात खोदलेले हे बोगदे, सगळे मिळून सुमारे २५ किलोमीटर. बघायला आधी नाव नोंदवावं लागतं. आमच्यासाठी मालकीणबाईंनीच फोन केला.

सकाळचा नाश्ता गोड असतो: कॉफी, कोर्नेत्तो नावाचा खुसखुशीत पाव, जॅम, फळं, दही. कोर्नेत्तोत अंडं असतं. त्याच टेबलावर डुकराच्या मांसाचे काप मांडलेले असतात, चिमटा एकच असेल तर वेगळा मागा. ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे, सेन्झा उओवा’, म्हणजे मांस नको, मासे नको, अंडी नको, एवढं पाठ करून जा. तरी ‘स्त्रुत्तो’ आणि ‘ब्रोदो’ हे वेगळं विचारावं लागतं. पहिली डुकराची चरबी, ती काही भाकऱ्यांत नि तळणात असते. दुसरं सूप, ते बरेचदा हाडांचं असतं. त्यांच्या पार्मिजानो चीजमध्ये दूध फाडायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात, कडक शाकाहारी असाल तर तेही नको म्हणा. एकादशीला आम्ही फळं, दही आणि घरचे शेंगदाणे यांवर निभावतो.

उरलं रात्रीचं जेवण. तिथे साडेसातच्या आत स्वयंपाक सुरूच होत नाही. सिएनात ‘पिची’ मागा. गव्हाचं पीठ आणि पाणी, हाताने वळलेल्या जाड शेवया. एका रविवारी मालकीणबाई घरच्यांसाठी त्या वळत होत्या. ओट्यावर पिठाची वळकटी, तळहाताखाली ती लांब लांब होत जाते, मग रव्यात घोळवून बाजूला. मला आपल्या सरगुंड्यांची आठवण झाली, काडीवर गुंडाळायचे तेवढे राहिले. मी हात धुऊन पुढे झाले, त्यांनी सरकून जागा दिली. टोमॅटो आणि भरपूर लसणाच्या रश्शातली पिची, म्हणजे ‘पिची आल्ल’आल्योने’, आपल्या जिभेला सगळ्यात जवळची. कुठे कुठे पिठात अंडंही घालतात, तेवढं विचारून घ्या. पाव अळणी लागेल, टस्कनीत, म्हणजे सिएनाच्या त्या भागात, तो बिनमिठाचाच करतात. तिथे आपली शेंगदाण्याची चटणी कामाला येते. बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी थोडे पैसे लावतात, ती टेबलाची रीत आहे.

गावाकडच्यांना वेळेचा फरक समजावून जा. उन्हाळ्यात साडेतीन तासांचा, हिवाळ्यात साडेचार. इकडून सकाळी ८ वाजता फोन लावला तर तिकडे पहाटेचे साडेचार, किंवा साडेतीन. भिंती जाड असल्या तरी दारं जुनी आहेत, व्हिडिओ कॉलवरचा मोठा आवाज अख्ख्या मजल्याला ऐकू जातो. संध्याकाळी चौकात बसून बोला.

पहाटेची बस असेल तर आदल्या रात्रीच हिशेब पूर्ण करा, किल्ली कुठे ठेवायची ते विचारा आणि नाश्ता बांधून मागा. आम्हाला सफरचंद, पाव आणि जॅमच्या डब्या कागदी पिशवीत मिळाल्या. बस उशिराची असेल तर खोली साधारण दहा-अकराला सोडायची आणि बॅगा जिन्याखाली ठेवायच्या, त्याला नाही म्हणत नाहीत. पुढच्या वेळच्या तारखा माहीत असतील तर तिथेच तोंडी सांगून ठेवा आणि गावी आल्यावर त्याच आठवड्यात ईमेल टाका.