महाधमनीची झडप बदलताना छाती उघडावी की जांघेतून जावे?

हृदयातून शरीराकडे रक्त नेणाऱ्या महाधमनीच्या तोंडाशी असलेली झडप अरुंद झाल्याचे कळले की घरची मंडळी आधी खर्चाची चौकशी करतात. माझ्या मते आधी इको रिपोर्ट (हृदयाच्या सोनोग्राफीचा अहवाल) नीट समजून घ्यावा. झडपेचे क्षेत्रफळ १ चौरस सेंटिमीटर किंवा त्याहून कमी असून जिना चढताना धाप लागत असेल, तर निर्णय लांबणीवर टाकू नये.

जांघेतील रक्तवाहिनीतून, छाती न उघडता झडप बसवण्याची पद्धत म्हणजे टावी. तिचा रुग्णावरील पहिला प्रयोग हृदयरोगतज्ज्ञ अलँ क्रिबिए यांनी २००२ मध्ये फ्रान्समधील रूआँ येथे केला. २०१९ च्या पार्टनर-३ अभ्यासात, शस्त्रक्रियेचा धोका कमी असलेल्या रुग्णांमध्ये वर्षभरात मृत्यू, पक्षाघात किंवा संबंधित कारणाने पुन्हा रुग्णालयात दाखल होण्याचे एकत्रित प्रमाण टावीनंतर ८.५ टक्के, तर छाती उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर १५.१ टक्के होते. पाच वर्षांनी मात्र हा फरक बराच कमी झाला.

म्हणून डॉक्टरांना स्पष्ट विचारावे: सीटी स्कॅननुसार जांघेतील रक्तवाहिन्या पुरेशा रुंद आहेत का, पेसमेकर लागण्याची शक्यता किती आणि ही झडप झिजल्यावर पुढे काय करता येईल? पन्नाशीतल्या रुग्णासाठी शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे.

टावीनंतर काही तास पाय सरळ ठेवून उताणे झोपावे लागते. घरी आल्यावर जांघेतील जागा रोज पाहावी. रक्त आल्यास तिथे घट्ट दाबून धरून तातडीने रुग्णालय गाठावे. दात काढण्यापूर्वी दंतवैद्यांना कृत्रिम झडपेबद्दल आवर्जून सांगावे.