नागपुरात नदीकाठच्या प्रकल्पाची एकत्रित पर्यावरणीय तपासणी कशी करवून घ्यावी

नागनदी, पिवळी नदी, पोहरा नदी किंवा त्यांना मिळणाऱ्या एखाद्या नाल्याच्या काठी इमारत, पूल, संरक्षक भिंत वा नवा ले-आऊट प्रस्तावित होतो, तेव्हा त्याची तपासणी एकाच कार्यालयात होत नाही. पूररेषा जलसंपदा विभागाकडे, बांधकाम परवानगी हद्दीनुसार महानगरपालिका, नागपूर सुधार प्रन्यास किंवा नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, सांडपाण्याविषयीची संमती महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, नदीपात्राची जमीन महसूल खात्याकडे आणि मोठ्या प्रकल्पांची पर्यावरणीय मंजुरी राज्यस्तरीय प्राधिकरणाकडे, अशी ही विभागणी आहे. प्रत्येक कार्यालयाचा अभिप्राय आपल्या जागी बरोबर असू शकतो आणि तरीही भर पावसात पाणी कोठून वाट काढणार, हा प्रश्न कोणत्याच नस्तीत (कार्यालयीन फाइलीत) सापडत नाही. म्हणून सर्व अभिप्राय एका नकाशावर आणि एका पूरपातळीवर आणण्याचा आग्रह वास्तुविशारदाने, विकासकाने किंवा रहिवासी संघटनेने आराखडा पक्का होण्यापूर्वीच धरावा.

सुरुवात जमिनीच्या नोंदींपासून करावी. मौजा, खसरा क्रमांक आणि नगर भूमापन क्रमांक मिळवून जुन्या मोजणी नकाशात नाल्याची मूळ रुंदी किती दाखवली आहे, ते पाहावे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार नद्या, नाले आणि त्यांची पात्रे, कोणाचा हक्क सिद्ध झालेला नसल्यास, शासनाच्या मालकीची असतात. त्यामुळे जुन्या नकाशातील पात्र आणि आजची संरक्षक भिंत यांत तफावत असेल, तर ती तफावत हाच तपासणीचा पहिला मुद्दा ठरतो.

त्यानंतर पूररेषा. राज्यात निळी रेषा साधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानली जाते. निळ्या रेषेच्या आतील भाग निषिद्ध क्षेत्र, तर दोन रेषांमधील भाग नियंत्रित क्षेत्र असतो. ‘२५ वर्षांतून एकदा’ या शब्दांनी पुष्कळांची दिशाभूल होते. त्याचा अर्थ दरवर्षी ४ टक्के शक्यता असा आहे, आणि २० वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता निम्म्याहून अधिक भरते. लहान नाल्यांची पूररेषा अनेकदा आखलेलीच नसते. तेथे पाणलोट क्षेत्र, पावसाची तीव्रता आणि पात्राची वहनक्षमता यांवर आधारित जलशास्त्रीय अहवाल मागावा आणि जलसंपदा विभागाकडून तो तपासून घ्यावा.

येथे एक बारीक पण महागात पडणारी गोष्ट आहे. पुलाच्या आराखड्यातील पातळ्या एका बेंचमार्कवरून (उंची मोजण्यासाठी धरलेल्या संदर्भबिंदूवरून) आणि इमारतीच्या जोत्याची पातळी दुसऱ्याच स्थानिक बेंचमार्कवरून घेतलेली असू शकते. दोन्ही आकडे मीटरमध्ये असल्याने कागदावर ते जुळल्यासारखे वाटतात. सर्व पातळ्या सरासरी समुद्रसपाटीच्या एकाच संदर्भावर आणून नदीचा लांबीतील छेद आणि प्रकल्पाच्या वरच्या व खालच्या अंगाचे आडवे छेद एकत्र काढल्याशिवाय पुढील कोणत्याही चर्चेला अर्थ नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

पर्यावरणीय मंजुरी लागते का, हे १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेवरून ठरते. २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधीव क्षेत्राचे बांधकाम तिच्या कक्षेत येते. १,५०,००० चौरस मीटर बांधीव क्षेत्र किंवा ५० हेक्टर जागा यांपासून पुढचे प्रकल्प नगरवसाहत व क्षेत्रविकास या गटात मोडतात. एकाच मालकाचे लगतचे भूखंड वेगवेगळे दाखवून प्रत्येकाचे क्षेत्र मर्यादेखाली ठेवलेले नाही ना, याची खातरजमा करावी. बांधकाम व नगरवसाहत प्रकल्पांना या अधिसूचनेत जनसुनावणीतून सूट आहे. म्हणून सुनावणीची वाट न पाहता पर्यावरणीय मंजुरीचे अर्ज जेथे दाखल होतात त्या केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवरील प्रस्ताव वाचून राज्यस्तरीय तज्ज्ञ मूल्यांकन समितीकडे लेखी म्हणणे पाठवावे आणि आवक क्रमांक जपून ठेवावा.

मर्यादेखालच्या प्रकल्पांचा एकत्रित परिणाम मात्र या चाळणीतून निसटतो. एका पुलाचे खांब पात्रात उतरतात, पुढे भिंत पात्र अरुंद करते, त्यापुढे नाल्यावर स्लॅब पडतो आणि काठावर भराव टाकला जातो; प्रत्येक कामाने पाणी थोडेसेच चढते, पण एका कामामुळे मागे तुंबलेले पाणी वरच्या वस्तीवर येते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नागनदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, त्यानंतर तरी काठावरील प्रत्येक कामाचा विचार सुटा करता येणार नाही.

यासाठी संबंधित कार्यालयांना एकाच पत्राने संयुक्त स्थळ पाहणीची विनंती करावी. पाहणी एकदा पावसाळ्यापूर्वी आणि एकदा मुसळधार पाऊस होऊन गेल्यावर व्हावी, कारण नागनदीत बारमाही वाहते ते बहुतांशी सांडपाणी असते आणि उन्हाळ्यातील प्रवाहावरून पुराचा अंदाज येत नाही. प्रकल्पानंतर वरच्या अंगाला पूरपातळी किती चढेल, भरावामुळे गमावलेली साठवण कोठे भरून काढणार, बांधकामाच्या काळात पात्रातील तात्पुरता बांध आणि राडारोडा पावसाळ्यापूर्वी कोण हटवणार, आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्र बंद पडल्यास पाणी कोठे सोडणार, हे प्रश्न इतिवृत्तात उत्तरांसह यावेत. शेवटचा प्रश्न केवळ शहरापुरता नाही; नागनदी पुढे कन्हानला, कन्हान वैनगंगेला मिळते आणि शहराची घाण गोसीखुर्दच्या जलाशयापर्यंत पोहोचते. इतिवृत्त न मिळाल्यास माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली नुसत्या प्रती न मागता नस्तीची प्रत्यक्ष पाहणी मागावी. टिप्पणीच्या पानांवर बरेच काही कळते.

पाहणीत ठरलेल्या अटी बांधकाम परवानगीत आणि मंडळाच्या संमतीपत्रात शब्दशः उतरल्या आहेत का, ते ताडून पाहावे. पर्यावरणीय मंजुरीच्या अटींचा अनुपालन अहवाल प्रकल्पधारकाने दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबर रोजी सादर करायचा असतो. त्यातील जूनचा अहवाल पावसाळ्याच्या तोंडावर येत असल्याने तो प्रत्यक्ष जागेवर उभे राहून वाचावा. मंजुरीविरुद्ध अपील करायचे असल्यास राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे ३० दिवसांची मुदत असते आणि पुरेसे कारण दाखवल्यास ती आणखी ६० दिवसांपर्यंत वाढू शकते, त्यामुळे मंजुरीचे पत्र पोर्टलवर आल्याची तारीख त्याच दिवशी टिपून ठेवावी.