साळुंकी हातावर यायची असेल तर

पहाटे मी ओट्यावर बसलेली असते आणि साळुंकी हातावरून पपई खात असते, हे पाहून शेजारपाजारचे विचारतात, "काकू, हिला बोलावलंत कसं?" बोलावलं नाहीच. शिट्टी नाही, चुचकारणं नाही. आपण गप्प बसायचं, एवढंच काम. तेच बऱ्याच जणांना जमत नाही.

आधी पक्षी कोणता, ते ठरवा. शिंजीर फुलांतल्या मधावर असतो, त्याला तुमच्या वाटीशी देणंघेणं नाही. तांबट झाडाच्या शेंड्यावरून खाली उतरत नाही. चिमण्या आमच्या वळचणीला पिढ्यानपिढ्या राहतात, पण हातभर अंतर काही सोडत नाहीत. कावळा येईल, पण त्याला हातावर घेऊ नका. चोच दणकट आणि दादागिरी अशी की बाकीचे फिरकणार नाहीत. परसात खरी आशा दोघांचीच, साळुंकी आणि दयाळ. राजस्थानात रणथंभोरच्या जंगलात टकाचोर नावाचा पक्षी पर्यटकांच्या हातावर येऊन बसतो, पण तो अनेक वर्षं माणसांत मुरलेला गडी आहे.

ज्वारी-तांदूळ टाकत बसू नका, कबुतरं जमतात. त्यांच्या विष्ठेची धूळ फुप्फुसांना बाधते. दादरचा कबुतरखाना 2025 मध्ये महापालिकेने ताडपत्रीने झाकला तो याच कारणावरून, आणि केवढा गदारोळ झाला ते सगळ्यांनी पाहिलंच.

साळुंकीला पिकलेली पपई, केळं, बिनमिठाचा भात किंवा कुस्करलेलं उकडलेलं अंडं चालतं. अंड्यावर तर ती तुटून पडते. दयाळ दाण्याकडे ढुंकूनही बघत नाही, त्याला किडे-अळ्याच लागतात. मत्स्यालयाच्या दुकानात मीलवर्म नावाच्या अळ्या मिळतात. जिवंत आणल्या तर डब्यात गव्हाचा कोंडा आणि गाजराचा तुकडा घालून ठेवा, टिकतात. फरसाण, शेव, दूध काही देऊ नका. बुरशी आलेले शेंगदाणे तर अजिबात नकोत, त्यात विष तयार होतं.

वेळ उजाडतानाची. रात्रभर उपाशी असलेला पक्षी तेव्हा जरा धीट असतो. जागा रोज तीच, खुणेचा आवाजही तोच. मी वाटीवर चमचा दोनदा वाजवते. सुरुवातीला बशी कट्ट्यावर ठेवून दूर दारात बसा. पक्षी निवांत खाऊ लागला की स्टूल वीतभर पुढे. उडून गेला तर दुसऱ्या दिवशी वीतभर मागे. घाई केली की आठवड्याची मेहनत पाण्यात.

टक लावून बघू नका. समोरून रोखलेले दोन डोळे म्हणजे शिकारी, हे पक्ष्याला कळतं. मी मान वळवून जास्वंदीकडे बघत बसते, साळुंकीला कडेच्या नजरेत ठेवते. पिसं अंगाला घट्ट चिकटलेली, मान ताठ, म्हणजे ती उडायच्या बेतात आहे. श्वाससुद्धा हळू घ्या. पिसं सैल सोडून चालायला लागली की जमलं.

रोज तितका वेळ बसायला सवड नसेल तर जुना हातमोजा चिंध्यांनी भरून कट्ट्यावर ठेवा आणि त्यावर खाणं घाला. त्यावरून बिनधास्त खायला लागली की मोजा काढून तिथे स्वतःचा हात. तळवा वर, बोटं जुळवलेली, कोपर कट्ट्यावर टेकलेला, नाहीतर दोन मिनिटांत हात थरथरतो. बशी त्या वेळी रिकामी हवी.

साळुंकी सरळ येत नाही. जोडीतली एक भिंतीवर पहाऱ्याला थांबते, दुसरी तिरकी-तिरकी चालत येते, मान लांब करते, तुकडा ओढून मागे उडी मारते. असं बरेच दिवस चालतं. मग एके दिवशी ती हातावरच चढते. वजन जेमतेम शंभर-सव्वाशे ग्रॅम, पण पिवळ्या पायांची पकड घट्ट असते आणि नखं टोचतात. टोचू द्यात. बोटं मिटलीत तर ती पुन्हा येणार नाही.

दयाळासाठी खुरपं घ्या. कुंडीतली माती उकरू लागलात की तो शेपटी उभारून फांदीवरून वाकून बघतो. उकरलेल्या मातीत दोन अळ्या टाका, मग मातीत टेकवलेल्या बोटांजवळ, मग बोटांवर. मार्चपासून जूनपर्यंत पिलांच्या पोटापायी त्याची फार धावपळ असते, तेव्हा तो लवकर धीट होतो. चोचीत घास घेऊन उडाला तर मागे जाऊन घरटं शोधू नका.

पहिल्या पावसानंतर वाळवीचे पंखवाले किडे बाहेर पडले की दोघंही तुम्हाला विचारणार नाहीत. रुसू नका, पाऊस सरला की येतात.

खाणं मूठभरच द्या, बाकी त्यांचं त्यांनी शोधायचं. बशी आणि पाण्याचं भांडं रोज घासा, आधी-नंतर हात साबणाने धुवा. आवारात मांजर फिरत असेल तर हा नादच सोडा. माणसाला सरावलेला पक्षी खाली बेसावध बसतो. आणि हातावर येते म्हणून कुणी पिंजऱ्याची गोष्ट काढली तर सांगा, 1972 च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. आमच्याकडच्या एका पाहुण्यांना मला हे दोनदा सांगावं लागलं.