घरकामाला ताई ठेवताना: पगार, सुट्ट्या आणि हिशेबाची वही

धुणी-भांडी, केर-फरशी किंवा पोळ्यांसाठी घरी ताई येणार असतील, तर पगाराच्या आधी काम ठरवावे. भांडी किती माणसांची, एक वेळची की दोन्ही वेळची, चादरी-पडदे मशिनमध्ये की हाताने, पाहुणे आले तर जादा पैसे किती, हे पहिल्याच दिवशी बोलून घ्यावे. पुढे कटकटी होतात त्या बहुधा न बोललेल्या वरकामावरून.

पगार ठरवताना इमारतीतला चालू दर विचारावा, पण तेवढ्यावर थांबू नये. रोज दीड तासाचे काम असेल, तर महिन्याचे 26 दिवस धरून 39 तास होतात. ठरलेल्या रकमेला या तासांनी भागून तासाचा दर काढावा आणि तो उच्चारताना आपल्यालाच संकोच वाटला, तर पगार वाढवावा. दरवर्षी वाढ कोणत्या महिन्यात द्यायची तेही तेव्हाच सांगावे, म्हणजे ताईंना ती मागत बसावे लागत नाही.

आठवड्याची एक सुट्टी भरपगारी असावी आणि आजारपणाचे खाडे कापू नयेत. आपण दहा दिवस गावी गेलो म्हणून पगार कापणे मला सरळ अन्याय वाटतो, कारण ती वेळ ताईंनी आपल्यासाठी राखून ठेवलेली असते आणि दहा दिवसांपुरते दुसरे घर कुणी देत नाही. दिवाळीला एक पगार बोनस द्यावा. पुण्यातल्या मोलकरणींनी 1980 साली संप करून सुट्टी आणि बोनसचा प्रश्न ऐरणीवर आणला. म्हणून त्याकडे बक्षिसी म्हणून पाहू नये.

हिशेबासाठी दोनशे पानी वही पुरते. तारीख, दिलेला पगार, उचल, फेड आणि बाकी असे रकाने आखून प्रत्येक नोंदीवर दोघांनी सही करावी आणि पानाचा फोटो ताईंच्या मोबाईलवर पाठवावा. उचल एकदम वळती करून घेऊ नये; महिन्याचा खर्च भागेल एवढा पगार हाती ठेवूनच हप्ता कापावा.

महाराष्ट्रात 2008 च्या कायद्याने घरेलू कामगार कल्याण मंडळाची तरतूद झाली असून 18 ते 60 वर्षे वयाच्या कामगारांची नोंदणी जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात होते. त्यासाठी वयाचा व रहिवासाचा पुरावा, फोटो आणि ताई आपल्याकडे काम करतात असे घरमालकाचे प्रमाणपत्र लागते. अनेक घरे येथेच सही द्यायला कचरतात आणि ताईंचा अर्ज अडतो. चार ओळींचे हे पत्र मागण्याची वाट न पाहता लिहून द्यावे. केंद्राच्या ई-श्रम पोर्टलवरही नोंदणी करता येते.

चौदा वर्षांखालील मुलीला कामावर ठेवणे गुन्हा आहे. लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा घरकामगारांनाही लागू असून तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांच्या आत करता येते. ही माहिती ताईंना स्वतःहून द्यावी. वेगळा कप, स्वच्छतागृह वापरायला मनाई, लिफ्टची बंदी असले नियम आपल्या घरात चालू असतील, तर ते आजच बंद करावेत.

काम थांबवायचे झाल्यास महिनाभर आधी सांगावे, ते जमले नाही तर महिन्याचा पगार द्यावा, वहीतली बाकी दोघांसमोर मिटवावी आणि शेजारच्या एक-दोन घरी ताईंसाठी शब्द टाकावा.